न गेलेली मावशी

सुमित्रा खळदकर यांनी आयुष्यात दोनच नोकऱ्या केल्या. पहिली बार्शीला, नगरपालिकेच्या बालवाडीत, बावीस वर्षं. दुसरी अमेरिकेत, बॉथेलला, कांचन आणि गिरीशच्या घरी त्यांच्या मुलीला, ऋताला, सांभाळायची. ती तीन वर्षं आणि एक महिना चालली. दोन्हीकडे त्या वेळेवर गेल्या, वेळेवर निघाल्या आणि पोरावर कधी हात उचलला नाही. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. बालवाडीच्या मागे चिंच होती आणि चिंचेवर काय काय आहे ते गावातल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं, पण बाई पोरांना डबे खायला नेमक्या त्या चिंचेखालीच बसवायच्या.

नवरा गेल्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, यामिनीने, त्यांना आपल्याकडे आणलं ते कायमचंच. यामिनी आणि जावई सकाळी सातला गाडी काढून निघत ते संध्याकाळीच उगवत. घरात गालिचा, हीटरची घरघर आणि खिडकीबाहेर काळपट हिरवी, उंच झाडं. त्यात ऑक्टोबर ते मे आभाळ भरलेलं. सुमित्राबाईंना दिवस खायला उठायचा. २००१ च्या ऑगस्टात महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला कांचन भेटली. तिच्या खांद्यावर चार महिन्यांची ऋता होती, आणि लॅबमधली रजा संपत आल्यामुळे चेहरा ओढलेला. सुमित्राबाईंनी पोर जरा हातात घेतलं आणि ते झोपलं. तिथल्या तिथे ठरलं. आठ ते साडेपाच, सोमवार ते शुक्रवार. घर पायी पंधरा मिनिटांवर.

तीन वर्षं त्या पावसात छत्री धरून गेल्या. ऋता त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली, त्यांच्याकडून बोलायला शिकली. पहिला शब्द 'मम्मा' नव्हता, 'माशी' होता, म्हणजे मावशी. त्याचं कांचनला वाईट वाटलं होतं, पण तिने ते हसून घालवलं.

मग २००४ च्या सप्टेंबरात ऋता प्री-स्कूलला जायला लागली. शाळा साडेबाराला सुटायची. कांचनला कंपनीने दुपारनंतर घरून काम करायची मुभा दिली. मावशींची गरज संपली. वाईटपणा कुणी घेतला नाही. कांचनने साडी दिली, गिरीशने मिठाई आणली आणि दोघंही म्हणाले, "मावशी, घर तुमचंच आहे. केव्हाही या."

सुमित्राबाईंनी ते खरं धरलं. दर बुधवारी एक वाजता त्या जाऊ लागल्या.

बुधवारी दुपारी त्या आणि ऋता वरच्या खोलीत असायच्या, खाली जेवणाच्या टेबलावर कांचनचं काम तीन वाजेपर्यंत बिनघोर चालायचं. महिनाभरात कांचनच्या मनाला ते टोचायला लागलं. एका बुधवारी घरी आल्यावर सुमित्राबाईंना कोटाच्या खिशात पाकीट सापडलं. आत वीसच्या दोन नोटा. पुढच्या बुधवारी त्यांनी ते पाकीट मायक्रोवेव्हवर ठेवून दिलं, अवाक्षर न बोलता. त्याच दिवशी जिन्यावरून उतरताना त्यांना खालचं बोलणं ऐकू आलं. गिरीश लवकर घरी आला होता.

"अगं, त्या प्रेमाने येतात. पैसे कसले देतेस? अपमान वाटेल त्यांना."

"दोन तास सांभाळतात, माझी एक मीटिंग पार पडते. हे काम नाही तर काय आहे? फुकट कसं घ्यायचं यार?"

"आजीला देतो का आपण पैसे?"

"त्या आजी नाहीत, गिरीश."

सुमित्राबाई दोन पायऱ्या मागे चढल्या, मुद्दाम पाय वाजवत पुन्हा उतरल्या, कोट घातला आणि घरी गेल्या. वाटेत त्यांना आपलं कानशील तापलेलं जाणवत होतं. कांचन खोटं काही बोलली नव्हती.

नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. बाहेर रिमझिम, दुपारीच दिवे लावावे लागलेले. ऋता गालिच्यावर लाकडी ठोकळे रचत होती. एकदम मान वर करून म्हणाली, "मावशी, यू आर टॉकिंग टुडे!"

"मी रोजच बोलते की गं."

"नो. काल नाही बोललीस. तू काल फक्त घड्या घातल्यास."

"काल मी आलेच नव्हते, राणी. मी बुधवारी येते."

खोटं बोलणाऱ्याकडे बघावं तसं ऋताने त्यांच्याकडे बघितलं. "तू रोज येतेस. ती लाँग ब्लू घालून. अँड इथे यलो." आणि तिने आपल्या खांद्यापासून पायापर्यंत बोटाने एक तिरकी रेघ ओढली.

या घरात सुमित्राबाई कधी साडी नेसून आल्या नव्हत्या. रांगत्या पोरामागे साडीत धावता येत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पंजाबी ड्रेस आणि वर स्वेटर. निळी सुती, पिवळ्या काठाची साडी त्यांनी नेसली होती ती बालवाडीत. पालिका सगळ्या बायांना एकसारखी द्यायची. त्यातली शेवटची जुनी होऊन गोधडीत गेली आणि ती गोधडी अमेरिकेला निघताना बार्शीतच कुणाला तरी देऊन टाकली. फोटो नव्हता. त्याबद्दल त्या कधी कुणाशी बोललेल्याही त्यांना आठवेना.

पोरं काहीही बोलतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मात्र त्या दुपारी ऋताचे कपडे ठेवायच्या ड्रेसरकडे पाठ करून बसायचं त्यांनी टाळलं.

चार दिवसांनी कांचनचा फोन आला. आवाज जरा ताणलेला. "मावशी, आमची किल्ली तुमच्याकडे आहे ना अजून?"

"आहे की. पाहिजे का?"

"नाही, तसं काही नाही... बुधवारी आणाल का?"

त्यांनी किल्ली आणली आणि कांचनच्या हातावर ठेवली. कांचन लाजली, पण घेतली. नंतरच्या बुधवारी ऋताला डुलकी लागल्यावर तिने मावशींना खाली बोलावलं आणि ड्रायरमधून काढलेल्या कपड्यांची बास्केट समोर ठेवून बसली.

"मावशी, मी तुमच्यावर संशय घेतला. माफ करा मला."

"कसला संशय?"

"ऋताचे कपडे मी ड्रॉवरमध्ये तसेच कोंबते, तुम्हाला माहितीये. वेळच नसतो. दोन महिने झाले, रोज दुपारी त्यांच्या घड्या झालेल्या असतात. तुमच्यासारख्या. बाह्या आत घेऊन, तीन घड्या, वरून पाकिटासारखी बंद. मला वाटलं, तुम्ही आम्हाला न सांगता किल्लीने येता, मागच्या दाराने. आता किल्ली माझ्याकडे आहे. आणि तरी..."

"ऋता घालत असेल. माझं बघून शिकली असेल."

"सगळ्यात वरच्या ड्रॉवरला तिचा हात पोचत नाही."

दोघींच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली. सुमित्राबाईंच्या मनात एक गोष्ट आली होती, पण ती त्यांनी सांगितली नाही.

ती गोष्ट अशी. उभ्या आयुष्यात त्यांना दुपारी झोपायची सवय नव्हती. बालवाडीत दुपारी पोरं झोपायची, बाई जाग्या राहायच्या. पण सप्टेंबरात काम सुटल्यापासून रोज एकच्या सुमाराला डोळे मिटायला लागायचे, अगदी गुंगीचं औषध दिल्यासारखे. तीन वाजता जाग यायची तेव्हा पाय भरून आलेले असायचे आणि बोटं दुखत असायची. बुधवारी मात्र असं व्हायचं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला यामिनी तापाने घरी होती. तीन वाजता सुमित्राबाई उठल्या तेव्हा ती पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली होती.

"आई, तुला काय होतंय?"

"कुठे काय? डोळा लागला जरा."

"मी पाच-सहा हाका मारल्या. हलवलं. तू उठली नाहीस. डोळे अर्धे उघडे होते तुझे. आणि हात..." यामिनीने स्वतःचे हात पुढे करून दाखवलं. एक हात सपाट धरून दुसऱ्याने हवेत काहीतरी आत मुडपलं, मग पुन्हा मुडपलं, मग वरून दाबलं. "दोन तास हेच. नाइन-वन-वनला फोन करणार होते मी. आपण डॉक्टरकडे जाऊया."

डॉक्टरकडे जाऊन आल्या. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठीक होतं. वयाच्या मानाने उत्तम, असं डॉक्टरीण म्हणाली.

त्यानंतरच्या गुरुवारी सुमित्राबाईंनी जागं राहायचं ठरवलं. पावणेएकला थंड पाण्याने तोंड धुतलं. स्वयंपाकघरात उभ्या राहून मेथी निवडायला घेतली. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला तो त्यांनी पाहिला. नंतर पाहिले ते तीन. त्या ओट्याला टेकून तशाच उभ्या होत्या. हातात मेथीची जुडी होती आणि तिचं एकही पान खुडलेलं नव्हतं.

बुधवारी त्या गेल्या तेव्हा गिरीशही घरी थांबला होता. ऋताला टीव्हीपुढे बसवून दोघांनी त्यांना टेबलाशी बसवलं. कांचनने सरळच विषय काढला.

"मावशी, तुम्ही पुन्हा रोज या. एक ते तीनच या. पण पैसे घ्या, पूर्वीच्या हिशेबाने. नाही म्हणू नका."

"आता मोठी झाली ती. रोज कशाला?"

कांचनने गिरीशकडे बघितलं आणि मग टेबलाकडे बघत बोलत राहिली. "काल दुपारी मी वर गेले. दार अर्धं उघडं होतं. ऋता ठोकळे खेळत होती. तुम्ही ड्रेसरपाशी उभ्या होतात, पाठमोऱ्या. मला इतकं नेहमीचं वाटलं ते, की मी विचारलंसुद्धा, मावशी, चहा ठेवू का?"

"मग?"

"तुम्ही मान हलवलीत. नको म्हणून. मी खाली आले, लॅपटॉप उघडला, आणि मेल लिहिता लिहिता तारीख बघितली. मंगळवार होता." तिने तोंडावर हात घेतला. "मी परत वर धावले तर ऋता एकटी. भ्यायलेली वगैरे नाही. तुम्ही खरंच येता त्या दिवशी ती नसते, मावशी. म्हणून म्हणते, रोज या."

गिरीश इतका वेळ बोटांनी टेबल वाजवत होता. "मला हे पटत नाही," तो म्हणाला. "ती दमलेली आहे, झोप नाही, काहीतरी दिसलं असेल. आणि समजा तसं असलं, तरी आपण नक्की कशाचे पैसे देणार? पोरीला सांभाळायचे? की यांनाच यांच्यापासून..."

"मला विचार करू दे," सुमित्राबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या घरी नदीकाठच्या लांबच्या वाटेने गेल्या. साडेतीनलाच अंधारून आलं होतं. ओल्या पानांवरून चालताना त्यांनी सप्टेंबरातला तो शेवटचा दिवस पहिल्यापासून आठवून बघितला.

त्या दिवशी कांचन म्हणाली होती, "मावशी, ती रडेल. तुम्ही ती झोपलेली असतानाच निघा ना." त्यांना ते पटलं नव्हतं. बालवाडीत त्या नव्या आयांना हेच बजावायच्या की पोराची नजर चुकवून जाऊ नका, सांगून जा, रडलं तर रडू दे. पण स्वतःवर आली तेव्हा त्यांच्याच्याने ते रडणं बघवलं नसतं. दुपारी एक वाजता ऋताला झोपवलं. तीन वाजेपर्यंत सगळे ड्रॉवर आवरले, कपड्यांच्या घड्या घातल्या. मग वाकून तिच्या केसांवरून हात फिरवला आणि रोजच्यासारखं हळूच म्हणाल्या, "येते हं, बाळा."

आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं. तीन वर्षं रोज त्या तसंच म्हणाल्या होत्या आणि रोज दुसऱ्या दिवशी आल्या होत्या. त्या दिवशीही म्हणाल्या. आणि शब्द पाळला गेला होता.

एवढं लक्षात आल्यावर त्या पुलावर थांबल्या. पण खरं टोचलं ते दुसरंच. खिशातलं पाकीट परत ठेवताना त्यांना वाटलं होतं, आपण मनाचा मोठेपणा दाखवतोय. मोठेपणा कसला! मोबदला घेणारी बाई साडेपाचला निघते. न घेणारीला निघायची वेळच नसते. पैसे नाकारून आपण काय मागत होतो ते त्यांना तिथे, त्या थंडीत कळलं, आणि स्वतःची जरा भीतीच वाटली.

रात्री त्यांनी कांचनला फोन केला. "रोज नको. मला एकच दिवस कामावर ठेव. आठ ते साडेपाच. पूर्वीसारखं. आणि पैसे माझ्या हातात द्यायचे, ऋताच्या समोर."

"एका दिवसाने काय होणार?"

"बघू."

दिवस ठरला तो शुक्रवार, नाताळच्या सुट्टीतला पहिला. बरोब्बर आठला त्यांनी बेल वाजवली. ऋताला न्हाऊ घातलं, मऊ भात भरवला, रंग काढून दिले, खिडकीतून खारी मोजल्या. सगळं पूर्वीसारखं. कांचन खाली होती. तिला वर यायचं नाही असं सांगून ठेवलं होतं.

एक वाजता ऋता अंथरुणावर पडली, पण झोपली नाही. सुमित्राबाई पलंगाच्या कडेला ताठ बसल्या. गुंगी आली. पायांपासून वर चढत आली. त्यांनी दातांत ओठ धरला. खोली गप्प होती, जमिनीतल्या झरोक्यातून गरम हवा येत होती. ऋताची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलली, त्यांच्या खांद्यावरून मागे गेली, पुन्हा परत आली.

"टू मावशी," ती हसून म्हणाली. मग मराठीत, मोठ्या माणसाला समजावून सांगावं तशी, "दोन आहेत आज."

पाठीमागे ड्रॉवर सरकल्याचा आवाज झाला. मग कपड्याचा, धुतलेला सुती कपडा हाताने सपाट केल्यावर होतो तेवढाच. सुमित्राबाईंनी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं, याचा विचारही केला नाही. बालवाडीतल्या नव्या बाईला सांगायच्या तशा आवाजात त्या म्हणाल्या, "बाई, आज साडेपाचला निघायचंय. दोघींनी. तेवढ्यात काय ते आवरा."

आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. तीन वाजेपर्यंत चालला. ऋता मधेच झोपून गेली.

साडेपाचला बाहेर मिट्ट काळोख होता. गिरीश कामावरून आला होता, तो जिन्यापाशी उभा राहिला. सुमित्राबाईंनी कोट घातला, बटणं लावली आणि हात पुढे केला. कांचनने ठरल्याप्रमाणे दिवसाचे पैसे त्या हातावर ठेवले. त्यांनी ते ऋताला दिसतील असे धरले आणि तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघे कडकडले.

"ऋता, इकडे बघ. मावशीचं काम संपलं. आता मावशी जाते."

"मावशी!" कांचन मधेच म्हणाली. "जाते काय? येते म्हणा."

"नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. "जाते."

ऋताने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ती रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. सप्टेंबरापासूनचं सगळं बाहेर पडत होतं. तिने कोटाला मिठी मारली, कांचनने तिला सोडवून उचललं. सुमित्राबाई दाराबाहेर गेल्या, पण दार त्यांनी ओढून घेतलं नाही. हाताने पूर्ण उघडं धरून त्या बाजूला झाल्या आणि वाट बघत राहिल्या. बाहेरची बोचरी हवा घरात शिरत होती. ऋताने आईच्या खांद्यावरून रडत रडत एकदा हात हलवला. थोडा वेळ गेला. मग तिने पुन्हा एकदा हलवला.

तेव्हा सुमित्राबाईंनी दार लावलं.

घड्या त्या दिवसापासून थांबल्या. कांचनने फोनवर सांगितलं, ड्रॉवर आता हवे तसे विस्कटलेले असतात, आणि हे सांगताना ती हसली. ऋताने आठवडाभर मावशी कुठे गेली म्हणून विचारलं, मग विचारलं नाही. सुमित्राबाई बुधवारी जायच्या थांबल्या. दुपारची झोपही गेली. जानेवारीत एक दिवस त्या मुद्दाम, एक वाजता, खोलीचं दार लावून पलंगावर पडून राहिल्या आणि डोळे मिटून घेतले. तीन वाजेपर्यंत पडल्या. झोप आली नाही. मग उठून तोंड धुतलं. यामिनीला हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढे त्या लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जायला लागल्या. तिथे एक कोरियन बाई मैत्रीण झाली. दोघींची भाषा तोडकीमोडकी, पण दोघींना भाज्यांचं वेड. यामिनीच्या मागच्या अंगणात त्यांनी मिळून मेथी आणि मुळा लावला. पोरं सांभाळायला मंडळातल्या आणखी दोन-तीन जणींनी विचारलं. त्यांनी नाही म्हटलं.

२००७ मध्ये कांचनला दुसरं मूल झालं, मुलगा, अमेय. तिने फोन करून मावशींना बोलावलं. कामावर येता का, हेही दबक्या आवाजात विचारून बघितलं. सुमित्राबाई नको म्हणाल्या, पण बाळ बघायला गेल्या. दिवाणखान्यातच बसल्या. बाळाला दहा मिनिटं मांडीवर घेतलं.

ऋता आता सहा वर्षांची होती, दात पडलेली, लांब पायांची. आईने सांगितलं म्हणून ती पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि "हाय आंटी" म्हणाली.

"ओळखलंस का कोण ते?" कांचनने विचारलं.

ऋताने नीट निरखून बघितलं. "येस. यू आर द आंटी हू लिव्ड हिअर."

"राहायच्या नाहीत गं. रोज यायच्या, संध्याकाळी घरी जायच्या."

"नो, मम्मा," ऋता सहज म्हणाली, "शी लिव्ड हिअर. वरती." आणि ती सायकल काढायला गॅरेजमध्ये पळाली.

गॅरेजचं दार खडखडत वर गेलं. सुमित्राबाईंनी अमेयचं वजन किती भरलं ते विचारलं. कांचनने सांगितलं.